इंजिनाच्या पोटातले पाणी



छत्रपती संभाजीनगरातील गारखेड्याच्या दक्षिण अंगाने जाणारा बीड बायपास ज्यांच्या नित्य परिचयाचा आहे, त्यांना उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला केबिन पुढे झुकवून उभा राहिलेला मालट्रक, रेडिएटरच्या तोंडातून उसळणारी वाफ आणि हातात रिकामा कॅन घेऊन पाण्याच्या शोधात निघालेला क्लीनर, हे दृश्य काही अपूर्व वाटणार नाही. तो क्लीनर जवळच्या हॉटेलातून, बोअरच्या नळावरून किंवा हौदातून जे मिळेल ते पाणी आणतो, ते रेडिएटरमध्ये ओतले जाते, काटा खाली येतो, आणि गाडी आडूळ-पाचोडच्या दिशेने मार्गस्थ होते. प्रसंग निभावला, असे सर्वांना वाटते. आणि ज्या नुकसानीची भरपाई पुढे एखाद्या वर्षाने मालकाला संपूर्ण इंजिनकामाच्या रूपाने करावी लागणार असते, तिचा प्रारंभ अनेकदा याच कॅनमधून झालेला असतो. त्या कॅनमधील पाण्याविषयी, त्याच्या जागी जे असावयास हवे त्या कूलंटाविषयी, आणि कूलंट शुद्ध राखणाऱ्या एका लहानशा फिल्टरविषयी मी आज बोलणार आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की डिझेल इंजिन हे उष्णतेवर चालणारे यंत्र असले, तरी जळणातून निर्माण झालेल्या उष्णतेचा निम्म्याहून कमी हिस्सा त्याला कामी लावता येतो. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची 1897 साली जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे परीक्षा झाली, तेव्हा इंधनातील सुमारे 26 टक्के उष्णतेचे कार्यात रूपांतर झाले आणि तेवढ्यानेही त्या काळचे अभियंते विस्मित झाले. आजचे मालट्रकचे इंजिन या बाबतीत पुष्कळ पुढे गेले असले, तरी बहुतांश उष्णता अद्याप वायाच जाते. तिचा काही भाग धुराबरोबर निघून जातो आणि काही भाग सिलिंडरच्या भिंतींत व हेडमध्ये शिरतो. सिलिंडरमधील ज्वालेचे तापमान काही क्षण 2000 अंश सेल्सियसच्याही पुढे जाते, आणि पिस्टन ज्या ॲल्युमिनियमचा केलेला असतो ते तर 660 अंशांच्या सुमारास वितळते. तेव्हा भिंतींत शिरलेली ही उष्णता अविरत बाहेर काढण्याचा बंदोबस्त नसेल, तर इंजिन काही मिनिटांतच जाम होऊन बसेल. हा बंदोबस्त ब्लॉकमधून, लायनरांभोवतून, हेडमधून आणि शेवटी रेडिएटरच्या नळ्यांतून फिरणारा द्रव करतो. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-सहा मानकांनंतर तर अनेक इंजिनांत धुराचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरात घेण्याची योजना आहे, आणि तो धूर थंड करण्याची कामगिरीही याच द्रवाच्या शिरावर येऊन पडली आहे.

आता आपल्या भागातील पाण्याकडे वळू. मराठवाड्याची भूमी बेसाल्टाच्या काळ्या खडकाची आहे, आणि त्या खडकाच्या भेगांतून मुरत खाली गेलेले बोअरचे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार आपल्याबरोबर घेऊन येते. पाणी तापविण्याच्या कॉइलवर जो पांढरा, टणक थर आपण घरोघर पाहतो, तोच थर इंजिनात लायनरच्या बाहेरील अंगावर आणि हेडच्या अरुंद वाटांत बसतो. हा क्षार बिडाच्या मानाने उष्णतेचा अत्यंत मंद वाहक असल्यामुळे थर पातळ असला तरी त्याच्या आतली धातू असह्य तापते, आणि आश्चर्याची गोष्ट अशी की काट्यावर पाण्याचे तापमान त्या वेळी अगदी यथास्थित दिसत असते. कारण काटा पाण्याचे तापमान सांगतो, धातूचे नव्हे. हेडला तडा जाणे, हेड गॅसकेट उडणे, पिस्टन धरणे, या आपत्ती पुष्कळदा अशाच निःशब्दपणे जवळ येतात.

येथे एक गैरसमज मुळापासून दूर झाला पाहिजे. “हे पाणी आम्ही पितो, मग इंजिनाला का चालू नये?” असा प्रश्न चालक मंडळी प्रांजळपणे विचारतात. त्याचे उत्तर आकड्यांतच देणे बरे. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आय. एस. 10500 मध्ये, एकूण कठीणपणा दर लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानला आहे, आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिली आहे. क्लोराइडची मर्यादा याच क्रमाने 250 आणि 1000 मिलिग्रॅम आहे. अवजड डिझेल इंजिनांसाठी कूलंटात मिसळावयाच्या पाण्याची जी मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते, ती मात्र कठीणपणाला 170, क्लोराइडला केवळ 40 आणि सल्फेटला 100 मिलिग्रॅम आहे. मनुष्याचे शरीर जे पाणी निर्वेधपणे पचविते, त्याच पाण्यातील क्लोराइड इंजिनातील ॲल्युमिनियम आणि लोखंड पोखरू शकते. म्हणून इंजिनासाठी डिस्टिल्ड वॉटर, ज्याला गॅरेजमध्ये ‘बॅटरीचे पाणी’ म्हणतात, तेच घ्यावे. आरओचे पाणी मोजून पाहिले असता या मर्यादेत बसत असेल तर त्यासही हरकत नाही. पण आरओच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी, जे फुकट मिळते म्हणून काही गॅरेजांत पिंपात साठवून रेडिएटरसाठी वापरले जाते, ते कटाक्षाने टाळावे, कारण गाळून वेगळे काढलेले सर्व क्षार त्यात एकवटलेले असतात.

पाणी शुद्ध मिळाले म्हणजे काम भागले असेही नाही. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटर उंचीवर वसले असल्याने येथे साधे पाणी 100 अंशांवर नव्हे, तर 98 अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते आणि त्या दाबाने उत्कलनबिंदू वर चढतो. एक किलोच्या झाकणाखाली साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू 120 अंशांपर्यंत जातो. हे झाकण म्हणजे एक मामुली वस्तू समजून, स्प्रिंग सैल झालेले किंवा रबर फाटलेले झाकण महिनोन्महिने तसेच चालविणारे लोक मी पाहतो, तेव्हा मला खेद वाटतो, कारण त्या झाकणाची किंमत आणि त्यामुळे ओढवणारी जोखीम यांचे प्रमाण विलक्षण विषम आहे.

कूलंट म्हणजे मुख्यत्वे इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे मिश्रण, आणि त्यात गंज रोखणाऱ्या द्रव्यांची अल्पशी भर. हिमवर्षाव ठाऊक नसलेल्या मराठवाड्यात पाणी गोठू न देणाऱ्या द्रवाचे प्रयोजन काय, अशी शंका घेणे स्वाभाविक आहे. निम्मे ग्लायकॉल व निम्मे पाणी असे मिश्रण उणे 37 अंशांच्या सुमारापर्यंत गोठत नाही, हा गुण आपल्या उपयोगाचा नाही हे खरे. परंतु तेच मिश्रण योग्य दाबाच्या झाकणाखाली 125 अंशांच्याही पुढे गेल्याशिवाय उकळत नाही, आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना मांजरसुंब्याचा घाट चढणाऱ्या भरलेल्या गाडीला हाच गुण तारून नेतो. समृद्धी महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने धावणाऱ्या गाडीलाही त्याची गरज आहेच. तथापि, पन्नास टक्के चांगले तर शंभर टक्के त्याहून चांगले, हा तर्क येथे लागू पडत नाही. उष्णता वाहून नेण्याच्या कामी ग्लायकॉल पाण्याहून उणे आहे. ते साठ टक्क्यांच्या वर गेले की इंजिन अधिक तापू लागते आणि विरघळलेली रक्षक द्रव्येही साक्याच्या रूपाने खाली बसण्याचा संभव वाढतो. म्हणून कूलंटाचा डबा आणला की तो मूळ अर्क आहे की आधीच पाणी मिसळून विक्रीस ठेवलेला तयार द्रव आहे, याची खातरजमा लेबल वाचूनच केली पाहिजे.

आता मी या विषयाच्या अशा भागाकडे येतो, की जो चालकांना तर सोडाच, पण कित्येक अनुभवी मिस्त्र्यांनाही नीटसा अवगत नसतो. अनेक अवजड इंजिनांच्या सिलिंडरांत ‘ओला लायनर’ असतो, म्हणजे ज्या नळीत पिस्टन वरखाली होतो, तिच्या बाहेरील अंगाला कूलंटाचा प्रत्यक्ष स्पर्श होत असतो. जळणाचा स्फोट झाला की पिस्टन खाली जाताना एका बाजूच्या भिंतीवर जोराने रेलतो, आणि काही मिलिमीटर जाडीची ती नळी घंटेप्रमाणे कंप पावू लागते. भिंत झटक्यात मागे सरली की तिच्यालगतच्या द्रवात क्षणमात्र दाब कमी होतो आणि तेथे वाफेचे सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होतात. ती पुन्हा पुढे आली की ते बुडबुडे फुटतात, आणि फुटताना धातूच्या पृष्ठभागावर अत्यंत बारीक पण अत्यंत तीव्र असा आघात करतात. आगबोटींच्या पंख्यांची पाती समुद्रात कुरतडली जातात, त्याचे कारण हेच आहे, आणि अशा पोकळ बुडबुड्याच्या मिटण्याने किती भयंकर दाब निर्माण होऊ शकतो हे 1917 साली लॉर्ड रॅले यांनी गणिताने दाखवून दिले होते. जहाजाच्या पात्यावर जे घडते तेच लायनरवर, सेकंदाला अनेक वेळा, गाडी चालू आहे तोवर घडत राहते. असा लायनर काढून पाहिला तर पिस्टन ज्या बाजूला रेलतो त्या बाजूस, वरपासून खालपर्यंत, सुईने टोचल्यासारखी छिद्रांची उभी रांग दिसते. त्यांतील एखादे छिद्र आरपार गेले की कूलंट सिलिंडरात किंवा ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते, ऑइल दुधाळ होते, बेअरिंगे जातात, आणि मग मिस्त्री म्हणतो, “लायनरने पाणी सोडले.” दोष लायनरचा नसतो. त्याला संरक्षण दिले गेले नव्हते, ही खरी कैफियत आहे.

हे संरक्षण कूलंटातील नायट्राइटसारखी द्रव्ये देतात. ती लोखंडाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ परंतु चिवट पापुद्रा धरतात. बुडबुड्यांचा मारा मग धातूवर न पडता त्या पापुद्र्यावर पडतो, तो जागोजागी फाटतो आणि लागलीच पुन्हा धरला जातो. पण प्रत्येक वेळी पुन्हा धरण्यात थोडे नायट्राइट खर्ची पडते. याचा स्पष्ट अर्थ असा की रेडिएटर काठोकाठ भरलेला असला, रंग सुरेख हिरवा दिसत असला, कोठेही गळती नसली, तरी कूलंट आतून निर्धन झालेले असू शकते. पातळी पाहून पाण्याची नुसती भर घालणे पुरेसे नाही. कूलंट मोजले पाहिजे, हेच मला आज मुख्यत्वे सांगावयाचे आहे. वाटेत घातलेली साध्या पाण्याची प्रत्येक भर ग्लायकॉलही पातळ करते आणि रक्षक द्रव्येही.

मोजण्याची साधने आता दुर्मिळ राहिलेली नाहीत. कूलंटात बुडवावयाच्या कागदी पट्ट्या मिळतात. रंग बदलला की सोबतच्या तक्त्याशी ताडून आम्लता, नायट्राइटचे प्रमाण व ग्लायकॉलचा अंश कळतो. रिफ्रॅक्टोमीटर नावाचे हातात मावणारे उपकरण एका थेंबावरून ग्लायकॉलचे प्रमाण अधिक बिनचूक सांगते. जुन्या पद्धतीच्या, नायट्राइटयुक्त कूलंटात नायट्राइट दर लिटरमागे 800 मिलिग्रॅमच्या खाली उतरले की ओला लायनर उघड्यावर पडला असे समजण्याचा प्रघात आहे. ग्लायकॉल दीर्घकाळ तापत राहिले की विघटित होऊन आम्ले निर्माण करते; पीएच सातच्या घरात आला असेल तर त्या कूलंटात भर घालण्यात अर्थ नाही, ते सर्वच्या सर्व काढून, यंत्रणा धुऊन, नवे भरावे.

कूलंट फिल्टरचे कार्य याच संदर्भात समजून घ्यावयाचे आहे. पुण्यात 1962 साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सच्या परंपरेतील मोठ्या इंजिनांवर, तसेच खाणीतील डंपरांवर आणि जनरेटरांवर काम केलेले मिस्त्री त्याला ‘वॉटर फिल्टर’ म्हणतात. ऑइल फिल्टरसारखाच दिसणारा हा डबा पंपाच्या दाबाच्या बाजूने थोडे कूलंट घेतो आणि गाळून पंपाच्या ओढीच्या बाजूस परत करतो. एका वेळी प्रवाहाचा अल्प अंशच त्यातून जातो, पण काही तासांच्या चालीत एकूण एक द्रव त्यातून फिरून येतो. आणि ब्लॉकच्या ओतकामात राहिलेली वाळू, गंजाचे कण, क्षाराच्या खपल्या, गॅसकेटचे तुकडे असा पाण्याच्या पंपाचे सील झिजविणारा आणि रेडिएटरच्या नळ्या बुजविणारा गाळ त्यात अडकतो. काही फिल्टरांत याखेरीज रक्षक द्रव्याची वडी किंवा भुकटीही घातलेली असते, जी हळूहळू विरघळून खर्ची पडलेल्या नायट्राइटची भरपाई करते.

येथे सर्वांत अधिक सावधगिरी हवी. कूलंटाच्या दोन प्रमुख जाती आहेत: पूर्वापार चालत आलेली, सिलिकेट, फॉस्फेट, नायट्राइट अशा खनिज द्रव्यांची, जिची मुदत सामान्यतः दोन वर्षांची धरतात, आणि सेंद्रिय आम्लांवर आधारलेली दीर्घायू जात, जी पाच वर्षांपर्यंतही टिकते. पहिलीला द्रव्ययुक्त फिल्टर उपकारक असतो. दुसरीला बहुधा कोरा, म्हणजे केवळ गाळणारा फिल्टरच लावावयाचा असतो. दोन्ही जाती एकत्र मिसळल्या तर दोहोंचेही गुण क्षीण होतात. रंगावरून जात ओळखण्याचा जो शिरस्ता बाजारात रूढ झाला आहे, तो सर्वथा अविश्वसनीय आहे, कारण हिरवा, लाल, नारिंगी वा निळा रंग हा निर्मात्याच्या मर्जीचा भाग असून त्यावर कोणत्याही सर्वमान्य मानकाचा अंमल नाही. तसेच मोजमाप न करता दर वेळी द्रव्ययुक्त फिल्टर बदलत राहणे किंवा बाटलीतले द्रव्य वरून ओतणे हेही घातक. अतिरेक झाला की ती द्रव्ये चिकट गराच्या रूपाने बाहेर पडतात, आणि ज्या नळ्या स्वच्छ राखण्यासाठी त्यांची योजना केली, त्याच नळ्या ती बंद करून टाकतात.

फिल्टर बदलण्याची क्रिया सोपी आहे, पण ती गार इंजिनावरच करावी. डब्याच्या दोन्ही अंगांना चाव्या असतील तर त्या प्रथम बंद कराव्यात, फिल्टर-पान्याने जुना डबा सोडवावा, बैठक कापडाने स्वच्छ पुसावी, नव्या डब्याच्या रबरी कड्याला थोडे कूलंट किंवा ऑइल लावावे, आणि कडे बैठकीला टेकल्यावर हातानेच अर्धा ते पाऊण फेरा आवळावा. पान्याने आवळू नये. मग चाव्या उघडून इंजिन चालू करावे, गळती पाहावी, आणि आत अडकलेली हवा निघून गेल्यावर पातळी पुन्हा तपासावी. चाव्या उघडण्याचे विस्मरण ही फार सामान्य चूक आहे. तसे झाले तर फिल्टर नुसता शोभेचा राहतो. प्रत्येक 250 तासांनी किंवा ऑइल बदलताना हा फिल्टर बदलावा, असा जुना नियम होता. आता इंजिनानुसार मुदती भिन्न आहेत, म्हणून निर्मात्याच्या पुस्तिकेतील मुदतच प्रमाण मानावी. काढलेला डबा फेकून देण्यापूर्वी कापून आत पाहण्याची तसदी जो मिस्त्री घेतो, त्याच्याविषयी मला विशेष आदर आहे: आत तांबडा गंज असेल तर रक्षक द्रव्ये संपली आहेत, गर असेल तर ती अति झाली आहेत, आणि ऑइलचा चिकटा असेल तर ऑइल कूलर किंवा गॅसकेट तपासावयास हवे, हे त्याला इंजिन न उघडता कळते.

आपल्याकडील पुष्कळ मालट्रकांवर हा फिल्टर नसतोच. त्यांच्या मालकांनी निराश होण्याचे कारण नाही, मात्र मोजमाप व मुदतीनुसार कूलंट बदलणे या दोन गोष्टींत त्यांना अधिक दक्षता बाळगावी लागेल.

थर्मोस्टॅटविषयी थोडे बोलणे अवश्य आहे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत आपल्या महामार्गांवरील गॅरेजांत सर्रास आढळते. थर्मोस्टॅट काढल्याने इंजिन योग्य तापमानास पोहोचतच नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, ते ऑइलात उतरते आणि लायनर लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत त्याच्या अभावी कूलंट रेडिएटरकडे न वळता आडवाटेने परत फिरते आणि गाडी उलट अधिकच तापते. तापण्याचे मूळ कारण बहुधा बुजलेला रेडिएटर, सैल पट्टा, निकामी झाकण किंवा गळती यांपैकी एखादे असते. आणि कूलंट कमी होत असूनही गळती कोठेच दिसत नसेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे उठत असतील, तर भर घालीत राहून दिरंगाई न करता हेड गॅसकेट व धूर थंड करणारा कूलर तपासून घ्यावा.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्याने चेहरा आणि हात भाजल्याच्या दुर्घटना क्लीनर मुलांच्या वाट्याला अधिक येतात. इंजिन हाताला सोसेल इतके निवल्याखेरीज झाकणाला हात लावू नये, हे मालकाने त्यांना बजावून सांगितले पाहिजे. इथिलीन ग्लायकॉल हे चवीला गोड असलेले विष आहे. ते उघड्या घमेल्यात ठेवले तर कुत्री, गुरे आणि लहान मुलेही त्याला बळी पडू शकतात. काढलेले जुने कूलंट गटारात सोडू नये. या शहराची गटारे खाम आणि सुखना या नद्यांना मिळतात, आणि त्या दोन्ही नद्या अखेर गोदावरीलाच जाऊन मिळतात. ते बंद डब्यात साठवून अधिकृतपणे घेणाऱ्याकडेच सोपवावे.

जे मालक आज माझे हे बोलणे ऐकत असतील, त्यांना माझी एक विनंती आहे. रस्त्यात पाण्यासाठी कॅन घेऊन धावणाऱ्या चालकाला किंवा क्लीनरला दोष देऊ नका. त्याच्या हाती दुसरा इलाज तुम्ही ठेवलेला नसतो. प्रत्येक गाडीत गाडीच्याच कूलंटाचे तयार मिश्रण पाच लिटर सीलबंद ठेवा, गाडीच्या नोंदवहीत कूलंटाची जात, भरल्याची तारीख, फिल्टर बदलल्याचे किलोमीटर आणि पट्टीच्या तपासणीचा निकाल लिहिण्यासाठी एक स्वतंत्र पान राखा, आणि येत्या मार्चपूर्वी, ऊन तापण्याच्या आधी, त्या पानावरील पहिली नोंद स्वतः उभे राहून करवून घ्या.